सही करण्याआधी मांडायचा हिशेब

नागोठण्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर, रोह्याकडे, पेणकडे, जिथे कुठे बसून तुम्ही ऐकता आहात, हा भाग तुम्हा सगळ्यांसाठी आहे. गटाच्या बैठकीत रेडिओ लावला असेल तर वही आणि पेन जवळ घ्या, आज आकडेमोड आहे. विषय मात्र गोड नाही. बांधकामावर सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परत आला नाही, तर घराचं पैशात किती नुकसान होतं, ते आज आपण मांडून बघणार आहोत.

हा विषय ठरला तेव्हा आमच्यातच दोन मतं पडली. "माणसाची कुठे किंमत करतात का?" असं काहीजणी म्हणाल्या. खरं आहे. गेलेला जीव कुठल्याही रकमेने भरून येत नाही. पण बायांनो, किंमत होतच असते. आपण नाही केली तर ठेकेदार करतो, आणि दहाव्याच्या आत करतो, घरातली बाई अजून भानावर यायची असते तेव्हा. एक लाख, दीड लाख, फार तर दोन लाख. हा आकडा कुठून काढला, हे त्याला कोणी विचारत नाही. दुसरा आकडाच समोर नसतो, मग विचारणार कसं?

आपल्या भागात बांधकामावर जाणारी माणसं नाहीत असं घर शोधावं लागेल. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आपल्या दारावरून चाललंय. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली सुरू झाला. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आता दहावीच्या पुढे गेली. पूल, मोऱ्या, सर्व्हिस रोड, शिवाय धाटावच्या एमआयडीसीतली शेड, अलिबागकडचे बंगले, पनवेल-उलव्याकडचे टॉवर. भातकापणी उरकली की टेम्पो भरभरून माणसं जातात. गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे. त्यांच्या मागून घमेली उचलायला आपल्या बाया. अंबा नदीवरचा आपला जुना दगडी पूल निजामशाहीच्या काळातला सांगतात. तो कोणी बांधवला हे जुन्या माणसांना ठाऊक असतं, बांधताना कोण पडलं हे कोणाला ठाऊक नसतं. ही रीत जुनीच आहे म्हणायची.

मोठा अपघात झाला तर निदान बातमी होते. नोव्हेंबर १९९० मध्ये इथल्याच गॅस क्रॅकर प्रकल्पात वायू गळून स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. आपल्यातल्या साठीच्या बायांना तो दिवस अजून आठवतो. अलीकडचा अपघात शहापूर तालुक्यातल्या सरळांब्याचा. १ ऑगस्ट २०२३, पहाटेच्या आधीची वेळ. समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर चढवणारं अवजड यंत्र खाली कोसळलं आणि २० माणसं मेली. त्यातले बरेचजण परराज्यातून पोटासाठी आलेले. राज्य सरकारने मृतांच्या घरच्यांना पाच-पाच लाख जाहीर केले, पंतप्रधानांच्या निधीतून दोन-दोन लाख. सात लाख झाले. टीव्हीवर ते ऐकून पुष्कळांना वाटलं की झाली भरपाई.

इथे एक गोष्ट नीट ऐका. सरकार जाहीर करतं ती मदत असते, सानुग्रह म्हणतात तिला. ती मिळो न मिळो, कामावर ठेवणाऱ्याने द्यायची नुकसानभरपाई वेगळी असते. मदतीमुळे तिच्यातला एक रुपयाही कमी होत नाही. आणि एकटादुकटा माणूस परांचीवरून पडतो तेव्हा कॅमेरा येत नाही, मंत्री येत नाही. येतो तो ठेकेदाराचा माणूस, पाकीट आणि स्टॅम्पपेपर घेऊन.

आता वहीत मांडा. हिशेबासाठी आम्ही एक घर उभं केलंय, खऱ्या कोणाचं नाही. माणूस गवंडी, वय ३५. घरात बायको, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि म्हातारी आई. मजुरी दिवसाला ७०० रुपये. पावसाळ्यात आपल्याकडे काम किती मिळतं ते तुम्ही जाणता. म्हणून आठ महिने महिन्याला २५ दिवस आणि पावसाळ्याचे चार महिने १० दिवस धरले. म्हणजे २०० अधिक ४०, वर्षाला २४० दिवस. गुणिले ७००, झाले १,६८,०००. महिन्याला सरासरी १४,०००.

हे सगळं घरात येत नाही, त्याचा स्वतःचा खर्च असतो. जेवण, चहा, गाडीभाडं, तंबाखू. (दारू धरायची का, यावर आमच्या बैठकीत पाऊण तास गेला. शेवटी धरली.) रस्त्यावरच्या अपघातांचे दावे चालवताना न्यायालयंही असंच वजा करतात. घरात चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर चौथा हिस्सा त्याचा, बाकी घराचा. १,६८,००० मधून चौथा हिस्सा म्हणजे ४२,००० गेले. घराला मिळत होते वर्षाला १,२६,०००. महिन्याला १०,५००.

या १०,५०० वर बोट ठेवा आणि ठेकेदाराचे दोन लाख त्याने भागून बघा. एकोणीस महिने. तिसरीतला मुलगा पाचवीत जाईल तोवर पैसे संपलेले असतील. तेही बारावं-तेराव्याचा खर्च, गावाचं जेवण, दवाखान्याचं बिल आणि जुनी उधारी त्यातून गेली नाही असं धरून.

तो माणूस साठीपर्यंत राबला असता असं धरलं तर आणखी २५ वर्षं. १,२६,००० गुणिले २५, साडेएकतीस लाख. मजुरी एक पैशानेही वाढणार नाही असं धरून हा आकडा आहे, आणि मजुरी तर वाढतेच. मग साडेएकतीस लाख मागायचे का? नाही. इथे बचत गटाच्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. पंचवीस वर्षांनी मिळायचा रुपया आणि आज हातात आलेला रुपया सारखे नसतात. आज आलेला बँकेत टाकला तर व्याज देतो. म्हणून न्यायालय २५ ने गुणत नाही, कमी आकड्याने गुणते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे हे आकडे ठरवून दिले. ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४. आपल्या गवंड्याला १६ लागतो. १,२६,००० गुणिले १६, झाले २०,१६,०००.

पुढे २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. पगारदार नसलेल्या, स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या माणसाचीही कमाई पुढे वाढली असती, हे धरलं पाहिजे. चाळिशीच्या आतल्याला ४० टक्के. तेवढी वाढ घालून पुन्हा गुणा. १,६८,००० चे होतात २,३५,२००. चौथा हिस्सा वजा, राहिले १,७६,४००. गुणिले १६, झाले २८,२२,४००. म्हणजे हाच माणूस महामार्गावर डंपरखाली आला असता तर दावा अठ्ठावीस लाखांच्या पुढे गेला असता.

पण तो पडला परांचीवरून. तिथे कायदा वेगळा आणि गुणाकार वेगळा. कामावर मेलेल्या माणसासाठी १९२३ सालापासून नुकसानभरपाईचा कायदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हिशेबाची रीत तीच राहिली. महिन्याच्या मजुरीच्या निम्मे घ्यायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय २५ असेल तर २१६.९१, तिशीला २०७.९८, पस्तिशीला १९७.०६, चाळिशीला १८४.१७, पन्नाशीला १५३.०९. तरुण माणूस गेला तर आकडा मोठा, कारण त्याची राबायची वर्षं जास्त उरलेली असतात.

आपल्या गवंड्याचे १४,००० च्या निम्मे ७,०००. गुणिले १९७.०६. उत्तर १३,७९,४२०. तेरा लाख एकोणऐंशी हजार चारशे वीस रुपये. हा आकडा वहीत लिहा आणि त्याच्या खाली दोन लाख लिहा.

एकाच माणसाची किंमत रस्त्यावर अठ्ठावीस लाख आणि कामावर चौदा लाख का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडला. याचं समाधान होईल असं उत्तर आमच्याजवळ नाही. कामावरच्या कायद्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, म्हणून रक्कम बांधून दिलेली आहे, असं सांगतात. त्यात १५,००० ची एक मर्यादाही आहे. मजुरी महिन्याला पंचवीस हजार असली तरी हिशेबात पंधराच हजार धरतात. जानेवारी २०२० पर्यंत तर ती ८,००० वरच होती. आमच्या मते ही मर्यादा आजच्या मजुरीला धरून नाही. मात्र एक ध्यानात ठेवा. कामाच्या जागी गाडीखाली, डंपरखाली, टँकरखाली सापडून माणूस गेला तर दोन्हीपैकी एक वाट निवडता येते. दोन्ही मिळत नाहीत. कुठली निवडायची हे अर्ज करण्याआधी वकिलाला विचारायचं.

आता या तेरा लाख एकोणऐंशी हजारांचं काय होतं बघा. सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला साधारण ८,००० व्याज येतं आणि मुद्दल शाबूत राहतं. दर महिन्याला १०,५०० काढत गेलं तरी वीस वर्षांच्या पुढे पुरतात. दोन लाखांचं व्याज महिन्याला ११६६. त्यात रेशन येत नाही. एका बाजूला मुलगी बारावी होते, दुसऱ्या बाजूला ती नववीत शाळा सोडून कोणाच्या तरी घरी भांडी घासायला जाते.

पुष्कळ घरांत घोडं अडतं ते मजुरीच्या आकड्यावर. ठेकेदार सांगतो, "सहा हजार देत होतो." कागद त्याच्याकडे, हजेरीबुक त्याच्याकडे. सहा हजारांच्या निम्मे तीन हजार, गुणिले १९७.०६, झाले ५,९१,१८०. एका वाक्याने घराचे पावणेआठ लाखांच्या वर गेले. म्हणून आमचं सगळ्या घरांना सांगणं आहे की पाच रुपयांची डायरी घ्या. नवरा, मुलगा, दीर, जो कोणी जात असेल त्याची हजेरी रोज संध्याकाळी लिहा. तारीख, कुठल्या कामावर, मुकादम कोण, मजुरी किती, उचल किती. मजुरी शक्यतो खात्यावर किंवा फोनवर घ्या. रोखीतच मिळत असेल तर त्या दिवशी डायरीत लिहा. शाळेत जाणाऱ्या पोरीला हे काम दिलं तर ती चुकत नाही.

आणि या हिशेबात न धरलेलंच पुष्कळ आहे. नवरा-बायको जोडीने कामावर जातात, ठेकेदार जोडीच घेतो. नवरा गेला की बाईचंही काम जातं, कारण एकटीला कोण नेणार? वीटभट्टीवर आणि बांधकामावर आपल्या कातकरी वाड्यांतल्या जोड्या उचल घेऊन जातात. माणूस मरतो, उचल मरत नाही. ती बाईच्या नावावर चढते. गटाचं कर्ज थकतं, ते इतर दहा बायकांना भरावं लागतं, आणि मग तिच्याशी बोलणंही कमी होतं. म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या बंद होतात. सावकाराचं व्याज महिन्याला तीन टक्के, कधी पाच. यातलं काहीही न्यायालयाच्या कागदावर येत नाही.

बाई मेली तर? हा प्रश्न आमच्या बैठकीत एका मावशींनी विचारला आणि सगळ्या गप्प झाल्या. बांधकामावर घमेलं वाहणारी बाई पस्तिशीची धरा. तिला दिवसाला ४००, महिन्याला वीस दिवस, झाले ८,०००. निम्मे ४,०००, गुणिले १९७.०६, उत्तर ७,८८,२४०. त्याच परांचीवर, त्याच दिवशी पडलेल्या गवंड्याला तेरा लाख एकोणऐंशी हजार आणि हिला पावणेआठ लाखांच्या वर थोडे. जिवंतपणी मजुरी कमी, म्हणून मेल्यावर भरपाई कमी.

तिचं घरचं काम तर या गुणाकारात कुठेच नाही. देशात २०१९ साली सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. बाया घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुष ९७ मिनिटं. बिगारीचे ४०० रुपये आठ तासांचे धरले तर तासाला ५० पडले. पाच तासांचे २५०. घरकामाला रविवार नाही, म्हणून ३६५ ने गुणा. वर्षाला ९१,२५०. स्वयंपाक, पाणी, जळण, धुणं, पोरांचं, म्हाताऱ्यांचं. तिच्या बाहेरच्या मजुरीएवढंच जवळजवळ. हे आम्ही ओढूनताणून आणलेलं नाही. जमशेदपूरला १९८९ साली आग लागून माणसं गेली होती, त्या लता वधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे महिन्याला ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती खटल्यात तर घरकामाला उत्पन्न म्हणून मोजलंच पाहिजे, असं सांगताना न्यायालयाने याच २९९ मिनिटांचा दाखला दिला. कामावरच्या मरणाच्या गुणाकारात हे अजून यायचं आहे.

आता ठेकेदाराच्या वहीत डोकावू. त्याचंही नुकसान होतं असं शहाणी माणसं सांगतात, आणि ते खोटं नाही. काम बंद पडतं, पोलीस येतात, घाबरलेली माणसं गावी निघून जातात, नवी शिकवावी लागतात, वकील लावावा लागतो. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिश नावाच्या माणसाने १९३१ साली पुस्तक लिहून सांगितलं, की अपघातात मालकाचा वरवर दिसणारा खर्च एक रुपया असेल तर न दिसणारा चार रुपये असतो. कारखानदारांना हे ऐकवून त्याने पुष्कळ सुधारणा करून घेतल्या. पण आपल्याकडचा छोटा ठेकेदार हे ऐकून हसेल. त्याला एकाला चार कुठे लागतात? तो दोन लाख देतो आणि तिसऱ्या दिवशी स्लॅब भरतो.

त्याचा हिशेब असा असतो. वीस माणसांचं काम आहे. हेल्मेट आणि उंचीवर बांधायचा पट्टा मिळून माणशी तीन हजार धरा. साठ हजार झाले. दर कामाला नवे घेतले असं धरलं तर दहा कामांना सहा लाख. दहा कामांत एखादा माणूस मेला तर त्याचे दोन लाख. मग पट्टे कशाला घ्यायचे? पण तोच एक माणूस जर त्याला चौदा लाखांना पडला, वर व्याज आणि दंड, वर पोलीस केस, तर सहा लाखांचे पट्टे स्वस्त होतात. बायांनो, जी बाई दोन लाखांवर सही करते ती आपलं नुकसान तर करतेच, पण पुढच्या माणसाचा पट्टाही त्यात जातो. तिला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्यासमोर कोणी आकडा मांडलेलाच नसतो. तो मांडायला आपण त्या घरी जायला हवं, भाकरी-पिठलं घेऊन जातो तेव्हाच.

त्या घरी जाताना चार गोष्टी पाठ करून जा. माणूस मेलेला असेल तर भरपाईची रक्कम ठेकेदाराने घरच्यांच्या हातात द्यायची नसते, ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. हातात दिलेले पैसे कायद्याने भरपाई धरलेच जात नाहीत. तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम तेवढी वळती होते. "आमचा यापुढे काही हक्क नाही" असं लिहिलेल्या स्टॅम्पपेपरला काहीही किंमत नसते. घेतलेच असतील पैसे आणि झाली असेल सही, तरी दावा संपत नाही. आयुक्तांकडे गेल्याने आणखी एक होतं. बायको, अज्ञान मुलं, लग्न न झालेली मुलगी, विधवा आई यांचे वाटे ठरतात आणि बाईचे, मुलांचे पैसे त्यांच्या नावाने गुंतवले जातात. भावकीच्या हाती जात नाहीत. आमच्या बैठकीत या वाक्याला सगळ्यात जास्त माना हलल्या.

दुसरं, "तो प्यायला होता", "त्यानेच पट्टा लावला नव्हता", "सांगितलेलं ऐकलं नाही". जखमी माणसाच्या बाबतीत हे बहाणे चालतात. माणूस मेला असेल तर चालत नाहीत. कायद्याने तसं स्पष्ट म्हटलं आहे. तिसरं, "तो माझा माणूस नव्हता, मुकादमाचा होता." ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते, त्याने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. एका दिवसाचा बिगारी असला तरीही. चौथं, महिन्याभरात पैसे जमा झाले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि वर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या हिशेबात व्याजच वर्षाला १,६५,५३० होतं. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, वर्षश्राद्धाची वाट बघायची नाही.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? अलिबागला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे.

याशिवाय काही पैसे आधीच जमा होऊन पडलेले आहेत. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, एक कोटीच्या इमारतीवर एक लाख. तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो. मंडळात नोंद असलेला कामगार कामावर अपघाताने गेला तर घरच्यांना पाच लाख, अंत्यविधीला दहा हजार आणि मागे राहिलेल्या बायकोला वर्षाला २४,००० पाच वर्षांपर्यंत, अशा योजना आहेत. नोंदणीला वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. बायाही नोंदणी करू शकतात, घमेलं उचलणं हे बांधकामच आहे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि पुष्कळांचं कार्ड नेमकं त्याच वर्षी मेलेलं असतं. कार्ड काढून देतो म्हणून हजार-दीड हजार घेणारे एजंट फिरतात, त्यांना दारातून परत पाठवा. बँकेतला वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा घरातल्या प्रत्येकाचा काढलेला असावा, अपघाती मरणाला दोन लाख मिळतात. तो १ जून ते ३१ मे चालतो, म्हणून मे महिन्यात खात्यात वीस रुपये शिल्लक ठेवायचे.

आता कागद. माणूस पडला की पहिली धावपळ दवाखान्याची असते, ती करायचीच. पण गटातली एकजण कागदांसाठी मोकळी ठेवा. दवाखान्यात "कसा पडला" हे लिहून घेतात, तिथे "घरी पडला" असं लिहू देऊ नका. ठेकेदाराचा माणूस तेच लिहवायला बघतो. पोलिसांत नोंद, जागेचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, या सगळ्यांच्या नकला मागा. कामाच्या जागी फलक असतो, त्यावर मालकाचं आणि ठेकेदाराचं नाव असतं, त्याचा फोटो काढा. परांचीचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तिथे नवी जाळी लागलेली असते. बरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं आणि गावं लिहून घ्या. परराज्यातली माणसं असतील तर आठवड्यात ती सापडणार नाहीत. आधारकार्ड, जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला शोधून ठेवा, कारण वयावरच सगळा गुणाकार आहे. पस्तीसच्या जागी पंचेचाळीस लागलं तर १९७.०६ च्या जागी १६९.४४ येतं, म्हणजे आपल्या गवंड्याचे १,९३,३४० गेले.

पुढच्या भागात मंडळाच्या नोंदणीचा अर्ज ओळीने वाचून दाखवणार आहोत. ९० दिवसांचा दाखला मागताना काय अडचण आली ते तुमच्या गटाने लिहून ठेवा, आणि आजचा गुणाकार आपापल्या घरातल्या माणसाच्या वयाने आणि मजुरीने करून आणा.